‘बीच रीड’ घ्यावं की ‘इट एन्ड्स विथ अस’? भाचीच्या मेसेजला दिलेलं लांबलचक उत्तर

गेल्या रविवारी दुपारी भाचीचा मेसेज आला. एकच फोटो. दुकानाच्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलेली दोन इंग्रजी पुस्तकं, एमिली हेन्रीचं ‘बीच रीड’ आणि कॉलीन हूवरचं ‘इट एन्ड्स विथ अस’. खाली लिहिलेलं, ‘मावशी, एकच घेणारे. कुठलं? पटकन सांग, गाडी नो-पार्किंगला आहे.’

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात नो-पार्किंगला गाडी लावून साहित्यचर्चा करायची नसते. मी ‘बीचवालं’ एवढंच लिहिलं. तिकडून लगेच, ‘का? सगळ्या जणी तर फुलांवालं म्हणतायत.’ मी उत्तर टाइप करायला बसले आणि ते इतकं लांबलं की तोवर ती हात हलवत घरी पोचलीसुद्धा. गाडी वाचली, पुस्तक राहिलं. तेच उत्तर इथे सविस्तर लिहितेय, कारण हा प्रश्न मला तिच्या आधी आणखी दोघीतिघींनी विचारलाय.

एक सूचना. दोन्ही पुस्तकांतलं बरंच काही पुढे फुटणार आहे. हूवरच्या पुस्तकाचा शेवटही सांगणार आहे, आणि तो मुद्दाम सांगणार आहे. ज्यांना चालणार नसेल त्यांनी इथेच थांबावं.

फळी एकच, माल वेगळा

दुकानात ही दोन्ही एकाच फळीवर असतात, आणि वरवर पाहिलं तर तसं असण्यात चूकही नाही. दोन्ही अमेरिकन, दोन्ही साडेतीनशे पानांच्या पुढे. दोन्हींत नायिकाच ‘मी’ म्हणून गोष्ट सांगते. दोघींचेही वडील वारलेत आणि दोघींनाही त्यांच्यासाठी धड रडता येत नाहीये. दोन्हींत लेखिकेने बेडरूमचं दार उघडंच ठेवलंय, हूवरने जरा जास्त. (ताई, तू हे वाचणार हे मला माहितेय. पोरगी चोवीस वर्षांची आहे.)

फरक आहे तो वचनाचा. श्रावणातल्या कहाण्या ऐकत मोठं झालेल्याला हे समजावून सांगायला नको. राणी नावडती असते, गोठ्यात राहते, उष्टंमाष्टं खाते, तरी ऐकणारी शांत असते. कारण गोष्ट साठा उत्तरांची असली तरी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होणार हे तिला ठाऊक असतं. त्या भरवशावरच मधले हाल ऐकवतात. रोमान्स या प्रकाराचा वाचकाशी असलेला करार नेमका हाच आहे. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखकांच्या संघटनेच्या व्याख्येत अटी दोनच: गोष्टीच्या मध्यभागी प्रेमकथा हवी, आणि शेवट मनाचं समाधान करणारा, आशेचा हवा.

मी शाळेत असताना आई पेठेतल्या एका लायब्ररीतून कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे यांच्या कादंबऱ्या आणायची. पुठ्ठ्याची बांधणी, आत निळा शिक्का, पानांना हळदीची बोटं. एकदा एका कादंबरीचं शेवटचं पानच कुणीतरी फाडलेलं निघालं. आई दोन मिनिटं हळहळली, मग म्हणाली, ‘जाऊ दे, लग्न झालं असणार,’ आणि मेथी निवडायला बसली.

‘बीच रीड’चं शेवटचं पान फाटलं तरी माझ्या आईचं काही अडलं नसतं. ‘इट एन्ड्स विथ अस’चं फाटलं असतं तर तिची मेथी तशीच पडून राहिली असती.

‘बीच रीड’: समुद्र नसलेला बीच

हे २०२० साली आलं. नाव वाचून गोवा डोळ्यांसमोर आणू नका. हा किनारा मिशिगन सरोवराचा आहे. गोड्या पाण्याचं तळं, पण एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही, वाळू आहे, लाटा आहेत. आपण पानशेतच्या धरणाला बीच म्हणत नाही, पण ते एक असो.

जॅन्युअरी अँड्र्यूज एकोणतीस वर्षांची आहे आणि प्रेमकादंबऱ्या लिहिते. आईवडिलांचा संसार म्हणजे प्रेमाचा नमुना, असं ती लहानपणापासून धरून चाललेली. आईला दोन वेळा कॅन्सर झाला, तरी बाबा तिच्यासोबत स्वयंपाकघरात नाचायचे वगैरे. वडील जातात आणि अंत्यविधीलाच एक अनोळखी बाई येऊन तिच्या हातात एक किल्ली देते. वडिलांचं दुसरं घर, तळ्याकाठी. अर्थात दुसरं घर म्हणजे काय ते तुम्हाला कळलं. आता या मुलीला प्रेमावर एक ओळ लिहिता येत नाही, पैसे संपलेत, प्रकाशकाला दिलेली तारीख जवळ आलीय. म्हणून ती त्याच घरात राहायला जाते, घर आवरून विकून टाकू म्हणून. शेजारी राहतो गस एव्हरेट, कॉलेजातला तिचा प्रतिस्पर्धी, आता गंभीर साहित्याचा नावाजलेला लेखक. तो प्रेमकादंबऱ्यांना नाक मुरडतो. ती त्याच्या नाक मुरडण्याला.

दोघंही अडलेली असतात, म्हणून पैज लागते. त्याने गोड शेवटाची गोष्ट लिहायची, तिने त्याच्यासारखी काळीकुट्ट. शुक्रवारी तो तिला आपल्या अभ्यासाला घेऊन जातो, म्हणजे एका पंथाच्या तावडीतून वाचून बाहेर आलेल्या माणसांच्या मुलाखतींना. शनिवारी ती त्याला प्रेमात पडायच्या ठिकाणी नेते, जत्रा, नाच, गाडीत बसून बघायचा सिनेमा.

मला या पुस्तकात सगळ्यात काय आवडलं विचाराल तर ते पैजेतलं काही नाही. दोघांची लिहायची टेबलं आपापल्या खिडकीशी आहेत आणि खिडक्या समोरासमोर. एकजण वहीवर मोठ्या अक्षरात काहीतरी खरडून काचेला लावतो, दुसरी वाचून उत्तर लिहिते, तेही काचेला. फोन आहेत, दार दहा पावलांवर आहे, तरी हे असंच चालतं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत समोरासमोरच्या गॅलऱ्यांमध्ये एकेकाळी हे होत असे. वही नव्हती, वाळत घातलेल्या कपड्यांमागून खुणा असायच्या, आणि सगळ्या बिल्डिंगला माहीत असायचं. (त्या दोघांचं पुढे लग्न झालं. आता दोघंही मिळून त्याच गॅलरीत ‘कबुतरांना दाणे टाकू नयेत’ अशी पाटी लावतात.) हेन्री या खिडक्यांचा प्रसंग घाई न करता लिहिते. पहिल्या चिठ्ठ्या टोचणाऱ्या, मग जरा मजेच्या, मग एक दिवस चिठ्ठी नसते तेव्हा आपणच खिडकीकडे बघतो.

उणीवाही आहेत. पंथाचा धागा सुरुवातीला एवढा ताणून धरलाय की त्याचं पुढे काहीतरी मोठं होईल असं वाटतं, आणि तो हळूच मागच्या बाकावर जाऊन बसतो. वडिलांनी मुलीसाठी पत्रं लिहून ठेवली आहेत, ती बरोबर वेळेवर सापडतात. मेलेल्या माणसाला इतकं व्यवस्थित बोलता आलं तर कुणाचंच काही अडायला नको. गसचं दुःखही जरा सोयीचं आहे, जितकं खोल तितकं देखणं. आणि शेवटच्या पन्नास पानांत गैरसमज येतो तो पाच मिनिटं बोलून मिटला असता. पण या प्रकारात तो येणारच, जसा लग्नात रुसवा येणारच.

तरीही पुस्तक शब्दाला जागतं. आत दुःख बरंच आहे, मुखपृष्ठ दाखवतं त्याहून दुप्पट. पण ते तुम्हाला हाताला धरून पलीकडे नेतं.

‘इट एन्ड्स विथ अस’: ओव्हनमधली कॅसरोल

हे मूळचं २०१६ चं. आपल्याकडे पोरींच्या हातात दिसायला लागलं ते पाचेक वर्षांनी. तिकडे टिकटॉकवर रडवेल्या चेहऱ्यांचे व्हिडिओ आले, आपल्याकडे टिकटॉक २०२० च्या जूनमध्येच बंद झालेलं, तर इथे तेच इन्स्टाच्या रील्समधून पोचलं. २०२२ मध्ये दुसरा भाग आला, २०२४ मध्ये सिनेमा.

लिली ब्लूम तेवीस वर्षांची, बॉस्टनमध्ये फुलांचं दुकान काढते. वडिलांच्या अंत्यविधीनंतर त्याच रात्री एका इमारतीच्या गच्चीवर तिला राइल भेटतो, न्यूरोसर्जन, देखणा, हुशार. त्याची बहीणच लिलीच्या दुकानात कामाला लागते आणि जिवाची मैत्रीण होते. मधूनमधून लिलीची शाळेतली डायरी येते. त्यात ॲटलस नावाचा बेघर मुलगा आहे, घरामागच्या पडक्या घरात राहणारा, ज्याला ती चोरून खाणं नेऊन द्यायची. त्याच डायरीत तिचे वडील आईला मारतात. लिलीचा आईवर राग आहे. ही राहिली कशाला?

बरीच पानं सगळं रोमान्सच्या रीतीने चालतं. राइल लग्न न करण्याच्या गोष्टी करतो आणि विरघळतो. आपणही विरघळतो, कबूल करायला हरकत नाही.

आणि मग ते स्वयंपाकघर. संध्याकाळ आहे, दोघांनी वाइन घेतलीय, राइल लाडात आहे. ओव्हनमधलं कॅसरोलचं, म्हणजे भाजायला ठेवलेल्या पदार्थाचं, भांडं काढताना तो हाताला फडकं घ्यायला विसरतो. हात भाजतो, भांडं फरशीवर, सगळीकडे सांडलेलं. लिलीला हसू येतं. आपल्यालाही येतं, प्रसंगच तसा लिहिलाय. पुढच्या ओळीत त्याच्या हाताचा फटका बसून ती खाली पडलेली असते आणि कपाटाच्या मुठीने डोळ्याजवळ लागलेलं असतं. वाक्य इतकं साधं आहे की मी परत मागे जाऊन वाचलं. काय झालं? कुणी केलं? मग तो माफी मागतो. हात भाजला होता, मोठं ऑपरेशन तोंडावर होतं, हात म्हणजेच त्याचं पोट. रडतो. आणि मी, सत्तेचाळीस वर्षांची बाई, सोफ्यावर बसून त्याच्या बाजूने युक्तिवाद करत होते. अपघातच तो. मुद्दाम थोडाच.

पुस्तकाचं सामर्थ्य या एका पानात आहे. हूवर रोमान्सचे सगळे नियम पाळत आणते आणि त्याच नियमांचा सापळा करते. प्रेमकथेत नायकाला माफ करायची आपल्याला सवय असते, ती सवय किती खोल आहे हे लिलीच्या बरोबर आपल्याला कळतं. पुढे जिन्याचा प्रसंग होतो. त्यानंतर तिसरा प्रसंग, त्यात मारहाण आहे आणि जबरदस्तीचा प्रयत्न आहे, तो मी इथे सांगत नाही, पण आहे हे माहीत असू द्या. शेवटी लिलीला मुलगी होते आणि त्या बाळाला राइलच्या हातात देऊन ती त्यालाच विचारते की उद्या हिच्यावर कुणी हात उचलला तर तू हिला काय सांगशील. त्याच्यावर प्रेम असतानाच ती त्याला सोडते. आईवरच्या रागाचं काय करायचं हेही तिला तिथे कळतं.

लेखिकेने शेवटी मनोगत दिलंय, ते चुकवू नका. गोष्टीमागे तिच्या स्वतःच्या आईची गोष्ट आहे. तिला आठवतं ते सगळ्यात पहिलं दृश्य ती अडीच वर्षांची असतानाचं, वडिलांनी आईच्या अंगावर टीव्ही फेकला तेव्हाचं.

आता तक्रारी. डायरी म्हणजे टीव्हीवरच्या एका प्रसिद्ध निवेदिकेला लिहिलेली पत्रं आहेत, आणि तो प्रकार माझ्या गळी काही उतरला नाही. राइलच्या रागामागे लहानपणीचा एक भयंकर अपघात दिलाय, तो दिला नसता तर पुस्तक जास्त धीट झालं असतं. कारण सापडलं की आपण पुन्हा माफ करायला मोकळे. ॲटलस इतका चांगला आहे की माणूस न वाटता बक्षीस वाटतो, परीक्षा पास झालीस तर घे. आणि लिलीची सोडून जाण्याची वाट फार झाडून ठेवलेली आहे. स्वतःचं दुकान, पैसे, पाठीशी उभी असलेली आई. नणंदसुद्धा तिच्या बाजूने, सख्खा भाऊ असून. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला पहिला प्रश्न पडेल तो म्हणजे जायचं कुठे, माहेरी दादा-वहिनी किती दिवस ठेवतील. तो प्रश्न लिलीला पडतच नाही. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा आपला कायदा बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क देतो, तो उगाच नाही. इथे घर हाच पहिला प्रश्न असतो.

गंमत म्हणजे (गंमत हा शब्द चुकीचाच) मारकुटा बाप ‘बीच रीड’मध्येही आहे. गसच्या लहानपणात. तिथे तो काही पानांत येतो, नायकाच्या मनाचा एक कोपरा उजळून जातो. हूवरकडे तोच माणूस घराच्या मधोमध बसलेला आहे.

मी केलेली चूक

दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकीच्या वाढदिवसाला आम्ही वर्गणी काढली आणि पुस्तक आणायचं काम माझ्याकडे आलं. तिला प्रेमाच्या गोष्टी आवडतात एवढं माहीत होतं. मी तेव्हा हूवर वाचलेलं नव्हतं. मुखपृष्ठावर फुलं, मागे कौतुक, सगळ्या जणी म्हणतात छान आहे. घेतलं, गुलाबी कागदात गुंडाळलं, दिलं.

तीनेक आठवड्यांनी तिने ते मला परत आणून दिलं. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, वर रबर लावून. ‘छान आहे, पण मला पुढे वाचवेना,’ म्हणाली. ‘तुम्हीच ठेवा.’ घरी येऊन उघडलं तर आत पीएमपी बसचं तिकीट होतं, खूण म्हणून. कॅसरोलच्या पानावर.

मी तिला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिने मला लोणचं दिलं, मी तिला चटणी दिली, एवढंच. नंतर ती बोलली, तिची ती, बऱ्याच महिन्यांनी, आणि ते इथे लिहायचं नाही. पण तेव्हापासून माझा एक नियम आहे. हे पुस्तक कुणाला भेट द्यायचं नाही. ज्याला घ्यायचं त्याने स्वतः, आत काय आहे हे माहीत असताना घ्यावं.

इथे मला स्वतःशीच भांडावं लागतं. आधी सांगितलं तर सापळा चालत नाही आणि सापळा हेच तर पुस्तक आहे. न सांगता दिलं तर ज्या बाईला हा प्रसंग पुस्तकातून शिकायची गरज नाही, तिच्या हातात ते फुलांच्या कागदातून जातं. सिनेमा आला तेव्हा त्याच्या फुलाफुलांच्या जाहिरातींवर तिकडे टीका झाली ती याचसाठी. मी सांगून टाकण्याच्या बाजूची आहे. धक्का थोडा कमी बसेल, चालेल. मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा सगळं माहीत होतं, तरी ते स्वयंपाकघर तितकंच बोचलं. उलट या वेळी आधीच्या पानांत राइल कुठे कुठे दिसून गेला होता ते दिसलं. पहिल्याच भेटीत, गच्चीवर, तो खुर्चीला लाथा घालत असतो. पहिल्यांदा वाचताना मला ते देखणं वाटलं होतं.

इंग्रजीचं काय

भाचीचं इंग्रजी चांगलं आहे, पण हा प्रश्न बाकीच्यांचा असतो. पहिलंच इंग्रजी पुस्तक असेल तर हूवर सोपी. छोटी वाक्यं, वर्तमानकाळ, प्रकरण संपताना एक फासा टाकलेला, की बारा वाजले तरी ‘अजून एकच’ म्हणून पान उलटतं. दोन रात्रींत होतं. हेन्री बडबडी आहे. तिचे विनोद बोलण्याच्या लकबीत आहेत, त्यात अमेरिकन सिनेमे, गाणी, खाण्याचे पदार्थ यांचे उल्लेख. पहिली पन्नास पानं जरा नेटाने वाचावी लागतात. मी ती वनाझहून मेट्रोत बसून वाचली आणि एकदा हसताना समोरच्या काकांनी पेपर खाली करून माझ्याकडे बघितलं, म्हणजे विनोद पोचतात.

फुटपाथवरची कॉपी घेऊ नका. नीतीचं नंतर बोलू, आधी हिशोबाचं. हूवरचं पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं ते तसंच, फर्ग्युसन रस्त्यावर दीडशेला घेतलेलं, कारण भेट दिलेलं परत आलेलं वाचायला तेव्हा हात होत नव्हता. कागद चण्याच्या पुडीचा. मधली सोळा पानं दोनदा आली आणि पुढची सोळा गायब, नेमकी जिन्यावरची. पुस्तकात राइल लिलीला सांगतो की तू घसरून पडलीस. मलाही बराच वेळ तेच वाटत राहिलं. शेवटी परत आलेली खरी प्रत उघडावीच लागली.

आणि एक पुण्यातलं

दोनच पुस्तकांत निवडायचं असा भाचीचा हट्ट होता, पण तुलना चाललीच आहे तर सचिन कुंडलकरचं ‘कोबाल्ट ब्लू’ बाजूला ठेवून बघा. २००६ साली मौजेने काढलेलं. पुण्यातलं जोशी कुटुंब, वरच्या खोलीत आलेला पेइंग गेस्ट, आणि त्याच्या प्रेमात पडलेली घरातली दोघं भावंडं, तनय आणि अनुजा. आधी तनय बोलतो, मग अनुजाची डायरी. तो भाडेकरू दोघांनाही सोडून जातो. जेरी पिंटोंनी केलेलं इंग्रजी भाषांतर २०१३ मध्ये आलं. २०२२ चा सिनेमा मात्र गोष्ट उचलून केरळात घेऊन गेला. मला तो बघताना सारखी पुण्याच्या त्या घराची आठवण येत राहिली.

इथे शेवट गोड नाही, पण फसवणूकही नाही. पहिल्या पानापासून तनय गेलेल्या माणसाशी बोलतोय. काय हरवलंय ते आधीच माहीत, कसं हरवलं ते वाचायचं. आकाराने दोन्ही इंग्रजी पुस्तकांच्या निम्मंही नाही, आणि घरात चारचौघांत एखादी गोष्ट न बोलता कशी झाकली जाते, हे या तिन्हींत सगळ्यात नेमकं इथे आहे. खिडक्यांवर चिठ्ठ्या लावणारी माणसं यात नाहीत. यात दार लोटून घेणारी माणसं आहेत.

मग कुठलं?

चार दिवस सुट्टी आहे, डोकं शिणलंय, ऑफिसने पिळून काढलंय, कुणीतरी हाताला धरून न्यावं असं वाटतंय, तर ‘बीच रीड’. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तरीही तेच, किंबहुना तेव्हाच. वडिलांचे कपडे आवरताना माणसाला राग आणि माया एकाच खणातून निघते, हे हेन्रीला माहीत आहे. कुणाला भेट द्यायचं असेल तर डोळे मिटून हे.

ज्यांना ‘ती राहिलीच कशाला’ हा प्रश्न कधी ना कधी मोठ्या तोंडाने विचारल्याचं आठवतं, त्यांनी हूवर जरूर घ्यावं. मी विचारलेला आहे, एका चुलत बहिणीबद्दल, हळदीकुंकवाला, सात-आठ बायकांत. अशांना हे पुस्तक चांगलं झोंबतं. दोन मैत्रिणींनी मिळून वाचलं तर उत्तम, बोलायला कुणी हवं. पण दिवस स्वतःलाच जड चालले असतील तर आत्ता नको, ते कुठे पळून जात नाही. दुसरा भाग तर मुळीच घाईने घेऊ नका. तो वाचकांच्या आग्रहावरून लिहिल्यासारखा वाटतो आणि पहिल्याचा काटा बोथट करतो.

नुसत्या लेखणीचं मोजायचं तर हेन्री वरचढ आहे. वाक्य कुठे थांबवायचं, विनोद कुठे सोडून द्यायचा हे तिला कळतं. पण वाचून वर्ष झाल्यावर कुठलं पान आठवतं असं विचाराल तर हूवरचं, आणि याचा मला थोडा रागही येतो.

हे सगळं भाचीला पाठवलं. तिने रात्री अकराला वाचलं, निळ्या टिक्स दिसल्या. उत्तर आलं, ‘बरं. बीचवालं ऑर्डर केलं. दुसरं तुझ्याकडचं देशील?’

देईन म्हटलं, पण कुरिअर नाही, घरी येऊन ने. बुधवारी सातनंतर मी असते, साबुदाण्याची खिचडी करेन. पुस्तकात पीएमपीचं एक तिकीट आहे, ते तिथेच राहू दे.